न लागलेली लाठी आणि माझी टाच

१२ फेब्रुवारी १९५६ रोजी संध्याकाळी साडेसहा वाजता, लालबागच्या आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत मला पंचवीस रुपये देण्यात आले. पाचाच्या पाच नोटा. त्या वेळी पाच माणसं हजर होती: मी, माझी पत्नी सुलोचना, चाळीच्या मदत कमिटीचा चिटणीस दत्ताराम आणि कमिटीचे दोन सभासद. पैसे कशाबद्दल, ते दत्तारामाने उभं राहून सांगितलं. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी पोलिसांची लाठी खाल्ल्याबद्दल आणि त्यात उजवा पाय जायबंदी झाल्याबद्दल.

मला लाठी लागलेली नव्हती. माझी टाच दुखत होती.

"दत्ताराम, मला कुणी मारलेलं नाही," मी म्हणालो.

"बरोबर आहे, भाऊ. कुणी विचारलं तर हेच सांगायचं."

"अरे, खरंच सांगतोय. डिसेंबरपासून टाच दुखते माझी."

"डिसेंबरपासून," तो सोबतच्या दोघांकडे वळून म्हणाला. "बघा. याला म्हणतात डोकं. तारीखसुद्धा आधीची लावली."

मग त्याने बगलेतली वही उघडली आणि माझ्यासमोर माझं नाव लिहिलं. वरती 'जखमींची यादी' असं लिहिलेलं होतं. माझा नंबर नववा.

पैशांपेक्षा त्या वहीने माझी झोप उडवली. मी गिरणीत कापड तपासणारा माणूस. आमच्या खात्यात दिवसभर उभं राहून काम असतं. पाय उभा राहिला नाही तर नोकरी नाही. आणि चळवळीत कोण कोण होतं याची विचारपूस गिरणीत चालली आहे, अशी कुजबुज त्या दिवसांत रोज कानावर येत होती. ती यादी नको त्या हातात गेली तरी नोकरी नाही. टाच आणि वही, दोन्हीकडून माझ्या त्याच एका जागेला धोका होता. घरात खाणारी पाच तोंडं, मिळवणारा मी एकटा.

हे सगळं आता लिहितो आहे ते टाच दुखणाऱ्यांसाठी. त्यांना उपाय हवे असतात, ते पुढे सांगितले आहेत. पण हे दुखणं बाहेरून दिसत नाही, म्हणून प्रत्येक जण आपल्या मनाप्रमाणे त्याला कारण लावतो, आणि दुखणारा सर्वांत जास्त. तेही सांगायला हवं.

पहिलं पाऊल

१ डिसेंबरला सकाळी अंथरुणातून उठून पाय जमिनीवर टेकवला आणि टाचेखाली काहीतरी बोचलं. बाभळीचा काटा मोडून आत राहावा तसं. मी बसून टाच पाहिली. काटा नाही, भेग नाही, सूज नाही. भिंत धरून मोरीपर्यंत गेलो. नळावरून परत येईपर्यंत दुखणं गेलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी पावलं मोजली. माझ्या खिशात एक छोटी वही असते. तीत मी सगळंच लिहितो: दुधाचा खाडा, रॉकेल, कामावर किती ताग्यांत डाग निघाले, कोण किती वाजता आलं. त्यात आता टाचेची नोंद सुरू झाली. पहिली अकरा पावलं दुखतात, मग कमी. जेवणाच्या सुट्टीत बसून उठलं की पुन्हा दुखतं. डिसेंबर संपताना ही अकराची एकवीस झाली होती. जानेवारीच्या मध्याला बेचाळीस.

वही ठेवली ती औषधासाठी नव्हे. याला कुणीतरी जबाबदार आहे असं मला वाटत होतं आणि त्याला पुराव्यानिशी धरायचं होतं.

पहिला संशय आमच्या कोपऱ्यावर चपला शिवणाऱ्या म्हाताऱ्या भिकाजींवर गेला. नोव्हेंबरात त्यांनी माझ्या चपलेच्या टाचेला नवं कातडं लावलं होतं. मी चप्पल घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिलो.

"यात खिळा राहिलाय तुमचा."

त्यांनी चप्पल उलटी केली, आत हात फिरवला, अंगठ्याने दाबली. "नाय हो तावडेभाऊ. खिळा असता तर चालताना टोचत राहिला असता. चालून चालून कमी झाला असता का?"

हे त्यांचं म्हणणं किती मोलाचं होतं ते मला अडीच महिन्यांनी कळलं. तेव्हा मी घरी आलो आणि सुरीने त्या चपलेची टाच थर थर करून सोलली. चार थर निघाले. खिळा निघाला नाही. चप्पल मात्र गेली. दोऱ्याने बांधून तीच वापरत राहिलो, कारण दुसरी घेणं म्हणजे म्हाताऱ्याला बरोबर ठरवणं होतं.

तो आठवडा

जानेवारीतल्या त्या आठवड्याबद्दल गिरणगावात राहणाऱ्यांना मी काय सांगावं. गिरण्या बंद, रस्त्यावर पोलीस, रात्री खिडक्या लावून घेतलेल्या. एका संध्याकाळी संचारबंदी दोन तास उठली, म्हणून मी तांदूळ आणायला उतरलो. नाक्यावर पोचतो तो पलीकडून माणसं धावत आली. लाठ्या सुरू झाल्या होत्या. सगळे पळाले. मला पळता येत नव्हतं. चार ढांगा टाकल्या आणि दोऱ्याने बांधलेल्या चपलेने जीव सोडला. मी ती हातात घेतली आणि पाय ओढत, भिंतीच्या कडेने घरी आलो. तांदूळ मिळालेच नाहीत.

हे आमच्या चाळीच्या गॅलरीतून दत्तारामाने पाहिलं. लाठीमार चालू असताना तावडे पाय ओढत येतात, एका हातात चप्पल. त्यातून त्याने जो अर्थ काढला तो मीही काढला असता.

दुसऱ्या दिवसापासून चाळीतली माणसं मला जिन्यात वाट देऊ लागली. नळावर सुलोचनाला पहिला नंबर मिळू लागला. समोरच्या खोलीतून एक नारळ आला. मी तिला म्हणालो, "सांगून टाक सगळ्यांना की काही लागलेलं नाही."

"सांगितलं की. सगळ्या म्हणतात, नवऱ्याला जपतेय, बरं आहे."

"मग पुन्हा सांग."

"तुम्हीच सांगा. मला चार दिवस रांगेत उभं राहावं लागत नाही, तेवढंच बरं वाटतंय."

मला वाटलं, हिलाही हा खोटा मान आवडू लागला आहे. हेही मी वहीत लिहिलं. ते पान नंतर मी फाडलं आहे.

त्याच सुमारास एका हवालदाराने नाक्यावर मला हटकलं. मी नुकताच बाकड्यावरून उठलो होतो, म्हणजे ती दुखणारी पहिली पावलं चालू होती.

"ए, पाय का ओढतोस?"

"टाच दुखते."

"दाखव."

मी भर रस्त्यात पाय वर केला. त्याने टाच दोन्ही बाजूंनी पाहिली. "इथं तर काय नाय."

"बाहेरून दिसत नाही, साहेब."

"मग काय आतून मारलं कुणी?"

बाजूची माणसं हसली. तोही हसला आणि मला सोडून दिलं. पण घरी येईपर्यंत माझ्या मनात एकच होतं: चाळीला खोटी जखम दिसते, पोलिसाला खरी दिसत नाही.

वीट

घरचे उपाय सुलोचनाने सुरू केले. वीट चुलीत तापवायची, तिच्यावर रुईचं पान, त्यावर टाच. चटका बसतो, पण तासभर बरं वाटतं. तिळाच्या तेलाने चोळणं, मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसणं, हेही चाललं. शेजारच्या एकाने बिबवा लावायला सांगितला. तो मी लावू दिला नाही. कुणीही लावू देऊ नये. बिबव्याने कातडी भाजलेला एक माणूस पुढे मी हॉस्पिटलात पाहिला, त्याला आधी त्या भाजल्याचाच उपचार चालू होता.

तिसऱ्या दिवशी मी सुलोचनाला विचारलं, "ही वीट कुठली?"

"खाली दुरुस्तीचा ढीग आहे ना, त्यातली."

"चाळमालकाची?"

ती चुलीकडे वळली. मी वीट गार झाल्यावर ढिगावर नेऊन ठेवली. जिना उतरून, जिना चढून, दुखत्या पायाने.

वर आलो तेव्हा ती म्हणाली, "भिकाजींवर संशय, दत्तारामवर संशय, आता माझ्या विटेवर. अहो, या घरात तुमचा विश्वास असलेलं काही आहे का, की तेवढी ती वही?"

दुसऱ्या दिवशी चुलीत वीट होती. ती तिने कुठून आणली ते मी विचारलं नाही. हे मी तिच्यावरचा विश्वास म्हणून सांगत नाही. टाच फारच दुखत होती.

मेजाच्या पलीकडे

आता कांबळे. आमच्या खात्यात दोघं दोघं मिळून कापड तपासतात. ताग्याचा एक काठ एकाने धरायचा, दुसरा दुसऱ्याने, आणि कापड मेजावरून ओढत नेताना डाग, तुटका धागा, विरळ जागा बघायची. उजवा काठ माझा, डावा कांबळ्यांचा. आठ वर्षं आम्ही समोरासमोर उभे होतो. ते कमी बोलत. मीही.

गिरण्या पुन्हा सुरू झाल्यापासून कांबळ्यांच्या बाजूचं कापड तिरकं येऊ लागलं. ते एकाच हाताने ओढत. दुसरा हात पोटाशी. कापड तिरकं आलं की डाग निसटतात आणि निसटलेल्या डागाचा ठपका दोघांवर येतो, पण आधी वरिष्ठ म्हणून माझ्यावर. शिवाय ते रोज विचारत, "भाऊ, पाय कसा आहे?" आणि म्हणत, "जरा टेका. दोन तागे मी बघतो." वहीतल्या नोंदीप्रमाणे हे त्यांनी चौदा वेळा विचारलं.

मी हिशेब मांडला. मी बसलेला साहेबांना दिसलो की माझी उभं राहायची ताकद गेली हे सिद्ध होणार. काम खराब निघालं की माझी नजर गेली हे सिद्ध होणार. मग माझी जागा कुणाला? कांबळ्यांना. मी एकदाही टेकलो नाही. साहेब आले की लंगडणं लपवण्यासाठी मी मेजाला पोट टेकवून उभा राही आणि उजवी टाच अधांतरी धरी. त्यामुळे डावा गुडघा दुखू लागला. फेब्रुवारीच्या मध्याला सकाळची दुखणारी पावलं अडुसष्ट झाली.

बाकड्यावरची भेट

पंचवीस रुपये मिळाल्यानंतर आठव्या दिवशी मी परळच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. गिरणीच्या डॉक्टरकडे गेलो नाही, कारण त्याने लिहिलेलं आधी साहेबांनी वाचलं असतं. रजेच्या अर्जात लिहिलं: मुलाच्या शाळेत काम आहे. माझ्या नोकरीतला हा पहिला खोटा अर्ज.

सकाळी सातला रांगेत उभा राहिलो. केसपेपर निघाला, नंबर त्रेचाळीस. हाडांच्या विभागाबाहेर लांब बाकडी, फिनाईलचा वास, आणि वॉर्डबॉयचं एकच वाक्य, "पुढं सरका." मी पुढं सरकलो आणि बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला कांबळे बसलेले दिसले. कांबळ्यांनीही रजा टाकल्याचं मला आदल्या दिवशी कळलं होतं. गावाहून पाहुणा येणार, त्याला उतरवून घ्यायला जायचंय, असं कारण होतं.

लपायला जागा नव्हती.

"काय कांबळे," मी म्हणालो, "पाहुणा उतरला का?"

"उतरतोय," ते म्हणाले. "तुमची शाळा आज इकडं भरली वाटतं."

त्यानंतर वीस मिनिटं आम्ही दोघं समोरच्या भिंतीकडे बघत होतो. मला खात्री होती की ते माझ्या मागावर आले आहेत. माझा नंबर पुकारला तेव्हा मी मुद्दाम न लंगडता आत गेलो. त्या पंधरा पावलांनी डोळ्यांत पाणी आलं.

आतले डॉक्टर तिशीचेही नसतील. दारावरच्या पाटीवरून गुजराती. मी खरं तेच लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहितो: त्या दिवसांत ती पाटी वाचून मी परत फिरणार होतो. मराठी ते आमच्यासारखंच बोलत होते. त्यांनी दार लोटलं आणि हळू आवाजात विचारलं, "लाठी लागलीय का?"

मी दाराकडे पाहिलं.

"मी पोलीस नाही. महिनाभर मी इथे पाय आणि खांदेच बांधतोय. एकाचंही नाव बाहेर सांगितलेलं नाही."

"नाही लागलेली," मी म्हणालो. "पण तुमचा विश्वास बसणार नाही."

"का नाही बसणार? केव्हा दुखतं ते सांगा."

मी वही काढली. त्यांनी ती हातात घेऊन पानं उलटली. पहिलं पाऊल, अकरा, एकवीस, बेचाळीस, अडुसष्ट. सकाळी जास्त, चालल्यावर कमी, बसून उठल्यावर पुन्हा, संध्याकाळी उभं राहून राहून पुन्हा. ते हसू लागले. "अर्धं निदान तुम्हीच करून आणलंय. हे कुणासाठी लिहिलंत?"

मी पाय पुढे केला.

त्यांनी टाचेच्या आतल्या बाजूला, जरा पुढे, अंगठा दाबला आणि मी खुर्चीवरून उठलो. एक्स-रे काढायला सांगितला. दीड तासाने ओली फिल्म घेऊन पुन्हा आत. टाचेच्या हाडाला खाली चोचीसारखं टोक आलेलं होतं. मी म्हणालो, हे कापून काढायचं. ते म्हणाले, थांबा, आणि डाव्या पायाची फिल्म लावली. तिच्यातही तसंच टोक.

"ही दुसऱ्या कुणाची असेल," मी म्हणालो. "डावी टाच माझी दुखत नाही."

"तुमचीच आहे. नंबर बघा. म्हणून तर दाखवतोय. टोक दोन्हीकडे आहे, दुखतो एकच पाय. म्हणजे गुन्हेगार ते नाही."

मग त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत असं. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो. फार वेळ कडक जागी उभं राहून तो टाचेजवळ दुखावतो. रात्रभर पाय सैल पडला की तो आखडतो, आणि सकाळचं पहिलं पाऊल त्याला हिसका देतं. थोडं चाललं की सैल होतो. भिकाजींनी खिळ्याबद्दल सांगितलं होतं ते याच अर्थाचं होतं.

उपाय साधे होते. टाचेखाली रबराची किंवा लोकरी जाड गादी. घरात फरशीवरसुद्धा अनवाणी चालायचं नाही. अंथरुणातून उठण्याआधी पायाची बोटं हाताने आपल्याकडे ओढून धरायची, दहा वेळा. भिंतीला हात लावून, टाच न उचलता पोटरीला ताण द्यायचा. सोड्याची रिकामी बाटली तळव्याखाली घोळवायची. गरम शेक चालेल, चटका नको. सुई आहे, पण ती आधी नाही. "आणि घाई करू नका," ते म्हणाले. "याला महिने लागतात. जे दोन दिवसांत बरं करतो म्हणतील त्यांच्यापासून लांब राहा."

बाहेरच्या बाकड्यावर बसून मी आणखी काही पाय पाहिले होते. एकाचा अंगठा एका रात्रीत लाल सुजलेला, त्याला रक्तातला दोष सांगितला. एका बाईच्या तळव्याला कुरूप. आणि एक गृहस्थ तळपायाला जखम असून हसत बसलेले, कारण त्यांना ती दुखतच नव्हती. साखरेचा आजार. डॉक्टर म्हणाले, ओरडत येणाऱ्यांपेक्षा या न दुखणाऱ्यांची काळजी जास्त. सूज, ताप, जखम किंवा बधिरपणा असेल त्याने माझं हे लिखाण वाचत बसू नये, उठून जावं.

शेवटी त्यांनी विचारलं, "एक डिसेंबरच्या आधी तीनचार आठवड्यांत काय बदललं? काम? जागा? चप्पल?"

मी म्हणालो, काही नाही. त्यांनी वही माझ्यापुढे केली. "बघा तरी."

मी मागे गेलो. ८ नोव्हेंबर. माझंच अक्षर: 'मोजदाद. आपल्या मेजाखाली उजवीकडे लाकडी फळी एक, नोंदवहीत नोंद नाही. गोदामात जमा केली. सही.'

वर्षानुवर्षं मी त्या फळीवर उभा राहत होतो. माझ्याआधीच्या माणसानेही त्या फळीवरच उभं राहून काम केलं होतं. वार्षिक मोजदादीत ती कुठल्याच यादीत नाही म्हणून मीच ती उचलून पाठवली होती. खाली राहिली नुसती फरशी. कांबळे तेव्हा म्हणाले होते, "राहू द्या भाऊ, पाय जातील." त्यांच्या बाजूला फळी नव्हती, त्यांना माझी खुपते आहे आणि मी नियम पाळावा हे त्यांना बघवत नाही, असं मी तेव्हा ठरवलं होतं. दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल याचा विचारही केला नव्हता.

पाहुणा

मी बाहेर आलो तेव्हा कांबळे आत गेले. दाराला अर्धाच पडदा होता. मी बघायला नको होतं. मी बघितलं. त्यांना सदरा काढता येत नव्हता, वॉर्डबॉयने काढला. गळ्याखालचं डावं हाड मध्येच उंच झालेलं, लिंबाएवढं टेंगूळ.

"महिनाभर कुठे होतात?" डॉक्टरांचा आवाज चढला.

"मेजावर," कांबळे म्हणाले.

ते हात गळ्यात बांधून बाहेर आले. मी थांबलो होतो. आम्ही फाटकापर्यंत बरोबर चाललो, ते सावकाश आणि मी त्याहून सावकाश.

"केव्हा लागली?" मी विचारलं.

"त्याच आठवड्यात. मोर्च्यात."

"मला सांगायचं तरी. मी कापड एकट्याने ओढलं असतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. "तुम्हाला कसं सांगायचं, भाऊ? तुम्ही सगळं वहीत लिहिता."

महिनाभर ज्या माणसावर मी नजर ठेवून होतो, तो मोडलेलं हाड घेऊन माझ्या नजरेपासून लपत होता. तुटका धागा हुडकण्याचा मला पगार मिळतो.

"मला टेका म्हणायचात, ते?"

"तुम्ही टेकलात की मीही टेकणार होतो. एकट्याने टेकलो असतो तर तुम्ही विचारलं असतंत, का म्हणून."

नववा नंबर

त्याच संध्याकाळी मी केसपेपर घेऊन दत्तारामाच्या खोलीत गेलो. त्याने तो दोनदा वाचला.

"म्हणजे खरंच टाच?"

"मी पहिल्या दिवसापासून हेच सांगतोय."

"अहो, पण असं कोण सांगतं? नारळ फोडला की हो आम्ही तुमच्या नावानं." तो कपाळाला हात लावून बसला. मी पाच नोटा त्याच्यापुढे ठेवल्या. त्याने वही काढली आणि नववं नाव खोडलं. चांगलं काळं होईपर्यंत खोड, असं मी सांगितलं, तसं खोडलं.

मग मी म्हणालो, "या पैशांचा खरा धनी मला ठाऊक आहे. त्याला आता महिनाभर बिनपगारी घरी बसायचंय."

"नाव सांगा."

"नाव सांगणार नाही. तुझ्या वहीत यायला नको."

"कुठल्या चाळीत?"

"तेही नाही."

"मग मी विश्वास कसा ठेवायचा?" तो म्हणाला. "काल लाठीवाले होता, आज टाचवाले. उद्या म्हणाल तिसराच कुणी."

बरोबर होतं त्याचं. त्याच्या जागी मी असतो तर नोटा पेटीत टाकून कुलूप लावलं असतं. त्याने केसपेपरची घडी घातली. मग नोटा उचलून माझ्याच हातात दिल्या. "जो माणूस विटेसाठी जिना उतरतो," तो म्हणाला, "त्याच्याकडे कसली पावती मागायची. बायकोने सांगितलं माझ्या, सगळ्या नळावर झालंय ते."

विटेची गोष्ट चाळभर झाली होती हे मला तेव्हा कळलं.

शेवटी

कांबळ्यांनी आईच्या आजारपणाचं कारण लिहून रजा टाकली. अर्ज मी वाचला आणि पुढे पाठवला. फळी परत मिळावी म्हणून मी गोदामाला अर्ज केला, दोन फळ्यांचा, एक डावीकडे, एक उजवीकडे. नऊ दिवसांनी आल्या. आता दोन्हींची नोंद आहे.

टाचेला पाच महिने लागले. मार्च संपताना सकाळची पावलं चाळिसावर आली, पावसाळ्यात दहावर. जुलैच्या मध्याला एका सकाळी मी नळावर पोचलो आणि मोजायचं राहून गेलं आहे हे तिथे लक्षात आलं. सुलोचनाला सांगितलं. ती म्हणाली, "मग आता ती बाटली मला द्या, तेल ठेवायला हवीय." बाटली मी अजून दिलेली नाही. रोज घोळवतो.

कांबळ्यांचं हाड तिरकंच जुळलं, पण जुळलं. त्या दसऱ्याला ते नागपूरला दीक्षेला जाऊन आले. कापड आता सरळ येतं. इथे लिहिलेलं कांबळे हे नाव त्यांचं नाही.

नोटा पोचवायला मी फेब्रुवारीच्या शेवटी नायगावला त्यांच्या चाळीत गेलो होतो. आठ वर्षं एका मेजावर उभा असून त्यांचं घर मी पाहिलं नव्हतं. कांबळे म्हणाले, "हे तुमच्या टाचेचे पैसे, मी कसे घेऊ?" मी म्हणालो, टाचेला लाठी लागली नव्हती. ते भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांच्या आईने आधी चहा दिला, तो मी प्यायलो, मग आईनेच हात पुढे केला. नोटा घेतल्या आणि विचारलं, "अंगठा कुठं लावू?"

मी म्हणालो, कुठेच नको.

एकंदर दिलं ते असं. भिकाजींना टाचेच्या रबरी गादीचे बारा आणे, आणि "खिळा सापडला का?" हे ऐकून घेतलं ते वेगळं. सोललेल्या चपलेच्या जागी नव्या जोडाचे साडेचार रुपये, तेही त्यांनाच. कांबळ्यांच्या आईला पाचाच्या पाच नोटा, रुपये पंचवीस. याची पावती घेतली नाही, वहीत नोंद केली नाही.